खाऱ्या हवेतला संगणक : भाचीला मामाचे कानमंत्र

बाय, देवबागच्या घराचा हिशोब, पाहुण्यांची बुकिंगं आणि स्कूबाचे व्हिडिओ आता तू बघणार म्हटल्यावर चार गोष्टी तुझ्या कानावर घालून ठेवतो. मालवणच्या बाजारात संगणक उघडण्या-जोडण्यात माझा जन्म गेला. आपल्याकडे यंत्र फार टिकत नाही, हे त्यातून पक्कं कळलं. तुझ्या घराच्या एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला कर्ली नदी आणि मधली ती पुळणीची पट्टी. तिथे दारंखिडक्यांच्या बिजागऱ्या दोन पावसांत गंजतात, मग संगणकाची काय कथा! तेव्हा यंत्राची निगा राख, पण ते एक दिवस जाणारच हे धरून चाल. आतली माहिती मात्र जाता कामा नये. त्यासाठी ती एकाच छपराखाली ठेवायची नाही. बाकीचं सगळं या एका गोष्टीसाठी.

आधी निवड कर

बॅकअप म्हटलं की लोक अख्खी डिस्क उचलून दुसरीकडे टाकायला बघतात. ती मावत नाही, मग ‘मगे करूया’ म्हणून राहून जातं. त्यापेक्षा आधी वाटणी कर. विंडोज, टॅलीचा प्रोग्रॅम, सिनेमे, गाणी ही परत मिळतात. डिजिटल सहीचा सातबारा १ मे २०१८ पासून ऑनलाइन मिळतो. मार्कशीट, लायसन डिजिलॉकरमध्ये आहेत. यांच्यासाठी जागा अडवू नको.

परत न मिळणारं वेगळं काढ. आजोबांच्या वेळच्या वाटणीपत्राचा स्कॅन, आजीच्या आवाजातलं रेकॉर्डिंग, घरातल्या लग्नामुंजीचे फोटो, नेहमीच्या पाहुण्यांचे नंबर, हिशोबाचा डेटा. आपल्याकडे जमिनी सामायिक, एकेका सातबाऱ्यावर ढीगभर नावं. जुन्या वाटणीचा एक कागद सापडला नाही, तर भाऊबंदकीत दोन पिढ्या जातात. म्हणून अशा कागदांचा स्कॅन पहिल्या नंबरावर.

हे सगळं एका फोल्डरात आण. डेस्कटॉपवर पसरलेल्या फायली बॅकअपमधून हमखास सुटतात. टॅलीचा डेटा तर बहुतेकदा ‘डॉक्युमेंट्स’मध्ये नसतोच, वेगळ्या जागी पडलेला असतो. कंपनी उघडताना त्याचा मार्ग दिसतो, तो वहीत लिहून ठेव. दुकानदार डॉक्युमेंट्स मनापासून कॉपी करून ठेवतात आणि डिस्क गेल्यावर कळतं की पाच वर्षांचा हिशोब त्यात आलाच नव्हता.

तीन प्रती, दोन प्रकार, एक परगावी

पीटर क्रोग नावाच्या अमेरिकन फोटोग्राफरने फोटो सांभाळण्यासाठी एक साधा नियम सांगितला. पुढे तो जगभर सगळ्यांनी उचलला. माहितीच्या तीन प्रती असाव्यात, त्या दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर असाव्यात आणि त्यातली एक दुसऱ्या ठिकाणी असावी. आपल्याकडे तो कसा बसवायचा ते सांगतो.

पहिली प्रत संगणकात आहेच. दुसरी बाहेरच्या हार्ड डिस्कवर. विंडोजमध्ये ‘फाइल हिस्टरी’ आहे, ती चालू कर. ती फायलींच्या जुन्या आवृत्त्याही राखते. बिलाच्या फायलीत चुकून भलतंच टाइप करून सेव्ह केलं, तरी कालची फाइल मिळते. मात्र तू वेगळा फोल्डर केला असशील, तर तो तिच्या यादीत आहे ना, एवढं बघ.

तिसरी प्रत मुंबईला. अशा दोन डिस्क घे आणि त्यांवर १ आणि २ असे नंबर टाक. एक देवबागला, एक मुंबईला तुझ्या भावाकडे. चतुर्थीला आणि शिमग्याला चाकरमानी घरी येतातच. येताना त्याने मुंबईची डिस्क आणायची, तू तिच्यावर ताजी प्रत उतरवायची, आणि जाताना दुसरी त्याच्या बॅगेत घालायची. तुतारी एक्स्प्रेसने खाजी, कोकम, काजू जातात, तशीच ही डिस्कही जाईल. चतुर्थी भर पावसातली, म्हणून डिस्क आधी घट्ट झाकणाच्या डब्यात, मग बॅगेत.

एवढा खटाटोप कशाला, क्लाउड आहे की, असं तू म्हणशील. आहे, आणि तोही वापर. पण त्याची मर्यादा ओळखून. गुगल १५ जीबी फुकट देतं, त्यात मेल आणि फोटो दोन्ही आले. स्कूबाचे व्हिडिओ तिथे मावत नाहीत. १०० जीबी चढवायचे आणि अपलोडचा वेग १० एमबीपीएस धरला, तर लाइन एकदाही न तुटता २२ तास लागतील. आपल्याकडे २२ तास न तुटलेली लाइन कधी पाहिलीस? म्हणून क्लाउडवर फक्त हिशोब, कागदपत्रं आणि नंबरांची यादी. तेवढं रोज आपोआप जाऊ दे.

आणखी एक. ड्राइव्हला जोडलेला फोल्डर म्हणजे बॅकअप नव्हे. इथे फाइल पुसलीस की तिथलीही जाते. गुगल ड्राइव्हच्या कचरापेटीत ती ३० दिवस राहते, मग कायमची गेली.

१६ मे २०२१ ला तौक्ते वादळ आपल्या किनाऱ्याजवळून गेलं, तेव्हाची अवस्था आठव. झाडं आडवी, खांब आडवे, कित्येक गावांत दिवसचे दिवस लाईट नाही, मोबाइलला रेंज नाही. क्लाउडवरचं सगळं शाबूत होतं, पण पोचायचं कसं? अशा वेळी घरातली डिस्क कामाला येते. त्याच वर्षी २२ जुलैला चिपळूणच्या बाजारपेठेत वाशिष्ठीचं पाणी शिरलं. तेरेखोल नदी चढली की बांद्याच्या बाजारातही तेच होतं. तिथे संगणक आणि त्याच्या शेजारच्या खणातली डिस्क एकाच पाण्यात जातात. अशा वेळी मुंबईची डिस्क कामाला येते. २१ जून २०१२ ला मंत्रालयाचे वरचे मजले जळाले आणि राज्याच्या फायली गेल्या. एका छपराचा भरवसा सरकारलाही देता आला नाही.

डिस्क जोडलेली ठेवू नको

प्रत उतरवून झाली की डिस्क काढून ठेवायची. सतत जोडलेली डिस्क व्हायरसच्या दृष्टीने त्या संगणकाचाच भाग असते.

याचं उदाहरण मुंबईच्या तोंडावरच घडलं. २७ जून २०१७ ला ‘नॉटपेट्या’ नावाचा व्हायरस जगभर पसरला. मर्स्क ही डेन्मार्कची बलाढ्य जहाज कंपनी त्यात आडवी झाली, आणि न्हावाशेव्याला जेएनपीटीत तिच्या गटाचं जे टर्मिनल आहे, तेही अडकलं. कंटेनर उभेच्या उभे. कंपनीच्या जगभरच्या जाळ्याचा नकाशा ज्या सर्व्हरांवर होता, ते शंभरावर सर्व्हर एकमेकांच्या प्रती राखत होते. सगळे एकमेकांना जोडलेले, म्हणून सगळे एकदम पुसले गेले. वाचला फक्त आफ्रिकेतल्या घाना देशातला एक. कारण काय, तर तिथे तेव्हा लाईट गेली होती आणि तो सर्व्हर जाळ्यातून तुटला होता. त्या एका प्रतीवरून कंपनीने सगळं पुन्हा उभं केलं.

लाईट गेल्यामुळे कुणाचं भलं झाल्याची एवढी मोठी गोष्ट मी दुसरी ऐकलेली नाही. पण बोध साधा आहे. निदान एक प्रत तरी कशालाच जोडलेली नसावी.

लाईट येते तेव्हा सांभाळ

लाईट जाण्याने संगणक बिघडतो त्यापेक्षा ती परत येण्याने जास्त बिघडतो. येताना पहिल्या झटक्यात व्होल्टेज कमीजास्त होतं. म्हणून लाईट गेली की भिंतीवरचं बटण बंद कर आणि आल्यावर पाच-दहा मिनिटं थांब. ‘लायट इली म्हणान लगेच बटण मारू नको’, असं आमच्या दुकानात आम्ही प्रत्येक गिऱ्हाइकाला बजावून सांगायचो.

यूपीएस हवाच. त्याच्यात १२ व्होल्टची छोटी बॅटरी असते. ती दोन-तीन वर्षांत थकते, पण हिरवा दिवा तसाच लागलेला राहतो. म्हणून महिन्यातून एकदा कामाच्या फायली बंद करून यूपीएसचा प्लग काढून बघ. संगणक दहा मिनिटं तगला तर ठीक. धाडकन बंद झाला तर बॅटरी बदल. प्रिंटर यूपीएसवर लावू नको, लेझर प्रिंटर तर मुळीच नको. तो एका दमात इतका करंट ओढतो की यूपीएस मान टाकतो.

मे महिन्यात आणि परतीच्या पावसात विजा होतात, तेव्हा यूपीएसवर विसंबू नको. ढग गडगडायला लागले की प्लग भिंतीतून काढ. त्याबरोबर इंटरनेटची तांब्याची वायर, लॅनची केबल आणि डिशची वायरही काढ. लोक लाईटची वायर काढतात आणि वीज दुसऱ्या वायरीतून येऊन मदरबोर्ड जाळून जाते.

अर्थिंगचं तर विचारू नको. सड्यावर खाली कातळ आणि किनाऱ्याला कोरडी वाळू, दोन्हीकडे अर्थिंग नीट बसत नाही. संगणकाच्या लोखंडी पेटीला हात लावल्यावर मुंग्या आल्यासारखं झालं, तर ते अंगावर काढू नको. इलेक्ट्रिशियनला बोलावून अर्थिंग मीटर लावून तपासून घे. कोळसा आणि मीठ घातलेला खड्डा असेल, तर एप्रिल-मे मध्ये त्यात अधूनमधून पाणी ओत. तो सुकला की अर्थिंग नावापुरतं राहतं.

ओल, खार आणि किडे

संगणक समुद्राकडच्या खिडकीशी ठेवू नको. तिथून येणारा वारा अंगाला गोड लागतो, पण तोच खार घेऊन येतो. तो पंख्यातून आत जाऊन बोर्डावर बसतो, पावसाळ्यात ओल धरतो आणि तांब्याच्या रेषा हिरव्या पडतात. चिऱ्याच्या भिंतीलाही टेकवू नको, वीतभर अंतर सोड. जमिनीवर तर कधीच नको. स्टुलावर ठेव, आणि तुमचा परिसर सखल असल्यामुळे जमल्यास माळ्यावरच्या खोलीत.

पावसाळ्यात स्कूबा बंद, पाहुणे कमी, म्हणून संगणक झाकून ठेवला जातो. तसं करू नको. जून ते सप्टेंबर रोज तासभर चालू ठेव. त्याच्या स्वतःच्या उबेने ओल हटते. बंद केल्यावर थंड होऊ दे, मग सुती कापड टाक. प्लास्टिकचं कव्हर ओल आत कोंडतं. एसीच्या खोलीतला गार लॅपटॉप पडवीत आणलास तर त्यावर पाणी धरतं, म्हणून अर्धा तास थांबून चालू कर.

बाहेरची डिस्क, मेमरी कार्डं आणि कॅमेरा घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुडीबरोबर ठेव. निळे दाणे गुलाबी पडले की ते ओलीने भरले. ते गरम करून पुन्हा वापरता येतात, पण स्वयंपाकाच्या तव्यावर नको, निळ्या रंगात कोबाल्ट असतं. लग्नाच्या जुन्या सीडी-डीव्हीडी कपाटात असतील तर आताच डिस्कवर उतरवून घे. आपल्या हवेत त्यांना बुरशी धरते, आणि नव्या लॅपटॉपला त्या वाचायचा खणही नसतो.

आता किडे. कुंभारीण ठाऊक आहे ना, मातीची घरटी करणारी? तिला यूएसबीचं भोक फार आवडतं. ‘पोर्ट गेलं’ म्हणून आलेल्या पेटीत टाचणीने कोरलं की आतून लाल मातीचा गोळा निघतो, त्यात अळ्या असतात. म्हणून वापरात नसलेल्या पोर्टांना रबरी टोप्या लाव. सहज मिळतात. मुंग्या आणि पाली उबेला आत शिरतात. पेटीच्या मागच्या उघड्या खाचा बंद कर, टेबलावर खाणं ठेवू नको.

संगणक चालू होताना नुसता बीप बीप करून थांबला, तर घाबरू नको. बहुतेकदा रॅमच्या पायांवर खार बसलेला असतो. वायर काढ, रॅम बाहेर घे, सोनेरी पट्टीवर शाळेतलं खोडरबर हलक्या हाताने फिरव, ब्रशने झटक, परत बसव. वीजपुरवठ्याचा डबा, म्हणजे एसएमपीएस, मात्र उघडू नको. वायर काढल्यावरही त्यात करंट साठून असतो.

बँकेची साइट उघडेना आणि कोपऱ्यातली तारीख काही वर्षं मागची दिसली, तर दोष बँकेचा नाही. मदरबोर्डवरचा सीआर२०३२ हा रुपयाएवढा सेल संपलाय. थोडक्या पैशांत काम होतं.

पाहुण्यांचे पेनड्राइव्ह

तुमच्या धंद्यात धोका इथून येतो. बुडी मारून वर आलेला पाहुणा ओल्या हाताने पेनड्राइव्ह पुढे करतो, व्हिडिओ द्या म्हणतो. दुसरा तिकिटाची प्रिंट मागतो. दिवसभर अशी दहा गावची पेनड्राइव्हं तुझ्या यंत्रात. यासाठी एखादा जुना लॅपटॉप वेगळा काढ. त्यावर हिशोब नको, कागदपत्रं नकोत. ते जमत नसेल तर निदान ‘पाहुणा’ नावाचं वेगळं अकाउंट कर, त्याला अ‍ॅडमिनचे अधिकार देऊ नको.

कॅमेऱ्याचं कार्ड दोन ठिकाणी कॉपी झाल्याशिवाय फॉरमॅट करायचं नाही. चुकून पुसलं गेलं तर त्या क्षणी कार्ड कॅमेऱ्यातून काढ आणि त्यावर एकही नवा फोटो घेऊ नको. पुसलेलं बहुतेक परत काढता येतं, वर नवं लिहिलेलं असेल तर येत नाही.

पाहुण्यांच्या आधारच्या प्रती जेवढे दिवस ठेवणं भाग आहे, तेवढेच ठेव. दुसऱ्याचे कागद आपल्याकडून फुटले तर नाव घराचं जातं.

चोरीचं विंडोज घालून देणारा कुणीतरी भेटेल. घेऊ नको, त्याच्या ‘क्रॅक’मध्येच चोर असतो. विंडोज १० ला मायक्रोसॉफ्टची नेहमीची सुरक्षा १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबली. तुझी जुनी पेटी ११ घेत नसेल, तर तिच्यावर लिनक्स टाक किंवा तिला इंटरनेटपासून लांब ठेव. ‘लाईट बिल भरलेलं नाही, हे अ‍ॅप घ्या’ म्हणून फोन आला तर सरळ ठेवून दे. पैसे गेलेच तर पहिल्या तासात १९३० ला फोन कर.

जुन्या फायलींचे फॉन्ट

आजोबांनी देवस्थानचा वृत्तान्त टाइप करून ठेवला आहे, तो श्रीलिपीत. त्या काळी मराठी टाइप करायचे प्रत्येक सॉफ्टवेअरचे आपापले फॉन्ट. तो फॉन्ट नव्या यंत्रात नसला की पानभर निरर्थक इंग्रजी चिन्हं दिसतात. फाइल शाबूत, मजकूर गायब. म्हणून अशा फायलींबरोबर त्यांचे फॉन्टही बॅकअपला घे. जुनं यंत्र चालतंय तोवर प्रत्येक फायलीची पीडीएफ करून ठेव, आणि सवडीने मजकूर युनिकोडमध्ये बदलून घे. बदलताना जोडाक्षरं आणि रफार चुकतात, तेव्हा मूळ पान समोर ठेवून वाच.

पाणी शिरलंच तर

भिजलेलं यंत्र ‘चालतंय का बघू’ म्हणून सुरू करायचं नाही. पुष्कळ यंत्रं पाण्याने मरत नाहीत, या बघण्याने मरतात. बॅटरी काढ, तांदळाच्या डब्यात घालू नको, हेअर ड्रायर मारू नको. हार्ड डिस्कमध्ये समुद्राचं पाणी शिरलं असेल आणि आतली माहिती दुसरीकडे नसेल, तर ती वाळवूसुद्धा नको. वाळली की मिठाचे कण आत चिकटून बसतात. ओलसरच, पिशवीत बंद करून डेटा काढून देणाऱ्यांकडे पाठव. ती घरी उघडायची नाही.

डिस्क कट्-कट् वाजायला लागली, तर दुरुस्तीचे प्रोग्रॅम चालवत बसू नको. आधी महत्त्वाचं बाहेर काढ, मग बाकीचं. एसएसडी तर वाजतही नाही, न सांगता जाते.

परत आणून बघ

प्रत आहे म्हणजे ती उघडते असं नव्हे. ३१ मार्च हा जागतिक बॅकअप दिन. एप्रिल फूलच्या आदल्या दिवशी तो मुद्दाम ठेवलाय. आपल्या धंद्यात तो मार्चअखेरचा दिवस, तेव्हा लक्षात राहायला सोपा. त्या दिवशी बाहेरच्या डिस्कवरून पाच फायली दुसऱ्या यंत्रावर उघडून बघ. एक वाटणीपत्र, एक व्हिडिओ, एक जुना फोटो, टॅलीचा डेटा आणि नंबरांची यादी. उघडल्या तर बॅकअप आहे. नाहीतर तुझ्याकडे नुसती डिस्क आहे.

परगावी जाणारी डिस्क कुलूपबंद कर, म्हणजे गाडीत हरवली तरी कुणाला वाचता येणार नाही. बिटलॉकर लावलास तर तो ४८ आकडी रिकव्हरी की देतो. ती त्याच डिस्कवर ठेवशील तर काय उपयोग? गुगलचं अकाउंट दोन वर्षं कुणी वापरलं नाही तर ते पुसलं जाऊ शकतं, म्हणून आजोबांच्या अकाउंटमधले फोटो आताच उतरवून घे.

हे सगळं एका कागदावर लिही. कुठली डिस्क कुठे, टॅलीचा मार्ग कोणता, यूपीएसची बॅटरी कधी बदलली, फोन कुणाला करायचा. कागद कपाटाच्या दाराला आतून चिकटव, म्हणजे तू गावात नसलीस तरी घरच्यांचं अडणार नाही. पासवर्ड आणि रिकव्हरी की मात्र त्या कागदावर नको. त्या बंद पाकिटात घालून आईच्या दागिन्यांच्या डब्यात ठेव. तो डबा आपल्याकडे वादळातही सगळ्यात आधी उचलला जातो.